मदत हवी आहे: ब्रेन ट्युमरच्या आत ऑक्सिजन कमी आहे म्हणतात, घरचं कोविडवालं मशीन लावू का?

कृषीकेंद्रवाला

नमस्कार मंडळी. मी इथं जास्त करून वाचतच असतो, कापूस-तुरीच्या धाग्यावर कधीमधी लिहितो. आज वेगळ्याच कामासाठी आलो. मोबाईलवरून टाइप करून राहिलो आणि मधेच लाइट जाते, म्हणून लांबण लागली किंवा काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझे काकाजी, वय ५६, राळेगाव तालुक्यात गाव, सात एकर कोरडवाहू. दिवाळीनंतर त्यांचे शब्द चुकायला लागले. बोलायचे पटपटच, पण डवऱ्याला पाव्हणा म्हणायचे. एक दिवस काकूला म्हणाले "फवारा आण" आणि हात चहाच्या कपाकडे. आम्ही हसलो, खोटं कशाला बोलू, घरातले सगळे हसलो, ते पण हसले. मग वेचणी चालू असताना काट्यापाशी उभे होते, बायांच्या कापसाचं वजन लिहून राहिले होते, तर उजवा हात आखडला आणि झटका आला. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. वहीवर त्या दिवशीच्या शेवटच्या तीन ओळी नुसत्या रेघोट्या आहेत, ती वही काकू कोणाला हात लावू देत नाही.

यवतमाळला सिटी स्कॅन, नागपूरला एमआरआय, मग ऑपरेशन. डाव्या बाजूची गाठ शक्य तेवढी काढली. रिपोर्टात लिहिलंय: ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच वाइल्डटाइप, ग्रेड ४. खाली पॅलिसेडिंग नेक्रोसिस, मायक्रोव्हॅस्क्युलर प्रोलिफरेशन असं काय काय. एमजीएमटीचा रिपोर्ट यायचा आहे. डॉक्टरसाहेबांनी दोन मिनिटं दिली, मागे मोठी लाइन होती, मी नुसती मान हलवत राहिलो. ते म्हणाले की असल्या गाठीत आत ऑक्सिजन फार कमी असतो, त्यामुळे पेशींचं जीन एक्स्प्रेशन बदलतं आणि त्या अजून आक्रमक होतात, रेडिएशनलाही दाद देत नाहीत. माझ्या हाती तीन शब्द लागले. ऑक्सिजन, जीन, आक्रमक.

आता माझ्या अडचणी. २०२१ मध्ये आजीसाठी घेतलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरी पडून आहे, चादर टाकून ठेवलंय. सोमवारपासून रेडिएशन चालू होतं. ऑक्सिजन कमी असेल तर रात्रभर ते मशीन लावलं तर चालेल का? पण बोटाला लावायच्या मशीनवर काकाजींचं ९८ येते, तीनदा पाहिलं. मग कमी आहे तो कुठं?

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. चुलत बहिणीचं साक्षगंध झालं आहे, लग्न मे मध्ये. गावातल्या कंपाउंडरने रिपोर्ट पाहून चावडीवर सांगितलं की "जीनचा आजार आहे". झालं, दुसऱ्या दिवशी पोराच्या मामाचा फोन, की पोरीची पण तपासणी करून घेता का. काकूला अजून सांगितलं नाही.

आणि एका ओळखीच्या माणसाने एका टेस्टवाल्याचा नंबर दिला, तो टेस्टवाला म्हणतो जीन एक्स्प्रेशनची मोठी टेस्ट करा, लाखाच्या वर खर्च, मग नेमकं औषध सांगू. एक बैलजोडी विकली तर जमेल. करू का?

बीएस्सी अ‍ॅग्री झालो आहे, एकदम अडाणी नाही, पण हे डोक्यावरून जाऊन राहिलं.

---

तिखट_ठेचा

भाऊ वाचून वाईट वाटलं. माझ्या मते लावून पाहा मशीन, ऑक्सिजनच तर आहे, नुकसान काय होणार. आमच्या इकडं एकाने ऑक्सिजनचं पाणी पण प्यायला दिलं होतं.

---

पिपेटवाली

ठेचा, कृपा करून असं सांगू नकोस. कृषीकेंद्रवाले दादा, मी मूळची मोर्शीची, पुण्यात लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे उपचाराचं डॉक्टरांनाच विचारा, पण हे ऑक्सिजन आणि जीनचं मी रोज हाताळते तेवढं सांगते. लांब होईल.

आधी ९८ चं. तो आकडा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आहे, म्हणजे टाकी भरलेली आहे. आमच्या संत्र्याच्या बागेत ड्रिप आहे, टाकी फुल्ल, मोटर चालू, तरी शेवटच्या ओळीतली झाडं सुकतात कारण लॅटरल मुडपली असते किंवा ड्रिपर चोंदलेले असतात. ट्युमरमध्ये अगदी हेच असतं. त्याच्या रक्तवाहिन्या घाईघाईत उगवलेल्या, वाकड्यातिकड्या, गळक्या, मधे गुठळी होऊन बंद पडणाऱ्या. आणि ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून पेशींमध्ये झिरपत जातो तो फार लांब जात नाही, १०० ते २०० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा जेमतेम पाचवा भाग. त्याच्या पलीकडच्या पेशी उपाशी. टाकीत अजून पाणी ओतून शेवटचं झाड भिजत नाही.

तुमच्या रिपोर्टातलं पॅलिसेडिंग नेक्रोसिस म्हणजे याचाच फोटो आहे. मधे मेलेला पट्टा आणि त्याच्या भोवती पेशी अशा दाटीने उभ्या की काट्याची कुपाटी घातल्यासारखं दिसतं. मी पहिल्यांदा स्लाइडवर पाहिलं तेव्हा मला ते सुंदर वाटलं होतं, नंतर लाज वाटली. त्या पेशी तिथं सजून उभ्या नाहीत, ऑक्सिजन नसलेल्या जागेतून बाहेर सरकताहेत असं आता मानतात. आणि मायक्रोव्हॅस्क्युलर प्रोलिफरेशन म्हणजे त्यांनी हाका मारून बोलावलेल्या नव्या रक्तवाहिन्यांचे गुंतवळ.

आता हाक कशी मारतात, तिथं जीन येतो. पेशीत हिफ-१ अल्फा नावाचं प्रोटीन सतत तयार होत असतं आणि ऑक्सिजन असेल तर काही मिनिटांत नष्ट केलं जातं. म्हणजे बघा, दारावर एक कारकून बसलाय, येणाऱ्या प्रत्येक हिफवर शिक्का मारतो, शिक्का बसलेला माल मागच्या दाराने मोडीत जातो. त्या शिक्क्याची शाई म्हणजे ऑक्सिजन. ऑक्सिजन संपला की शाई संपली, शिक्का उमटत नाही, हिफ साचत जातं, पेशीच्या केंद्रात शिरतं, आपला जोडीदार हिफ-१ बीटा याला धरून डीएनएवर ठराविक ठिकाणी बसतं आणि बटणं दाबायला लागतं. शेकडो जीनची. एकाने व्हीईजीएफ तयार होतं, ती रक्तवाहिन्यांना मारलेली हाक. एकाने साखर आत घ्यायचे दरवाजे वाढतात, ग्लुट-१. एकाने ऑक्सिजनशिवाय साखर जाळायची सोय होते. एक सीए-९, तो आतली आंबटाई बाहेर फेकायला मदत करतो. या कारकुनाचा शोध लावला म्हणून केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. शिक्का ओळखून माल मोडीत काढणारं प्रोटीन व्हीएचएल, त्यावर केलिनचं काम.

लक्षात घ्या, ही सोय ट्युमरची नाही. आपल्या प्रत्येक पेशीत आहे, माणूस उंच डोंगरावर राहिला की रक्त वाढतं ते याच रस्त्याने. ट्युमर आपलीच यंत्रणा वापरून जगतो, म्हणून तर त्याला मारणं अवघड.

---

कृषीकेंद्रवाला

ताई, दोनदा वाचलं. मला समजलं ते सांगतो, चुकलं तर सांगा. बीटी कापसात क्रायचा, म्हणजे अळी मारणारं विष बनवणारा, जीन झाडाच्या प्रत्येक पानात असतो, पण झाड म्हातारं झालं की विष कमी तयार होते, जीन तोच, काम कमी. शेतकरी दुकानात येऊन भांडतात की बियाणं बोगस होतं. म्हणजे जीन असणं वेगळं आणि जीन चालू असणं वेगळं, असंच ना?

---

पिपेटवाली

दादा, माझ्या क्लासमध्ये मुलांना हे समजवायला मला दोन लेक्चर लागतात! हो, अगदी हेच एक्स्प्रेशन. (२०१७ ला गुलाबी बोंडअळीने जे केलं त्यात अळीत आलेली प्रतिकारशक्ती पण होती, ते वेगळं, पण तुमचा मुद्दा बरोबर.)

यातच तुमच्या साक्षगंधाचं उत्तर आहे. काकाजींच्या गाठीत जे जीन बिघडले किंवा चालू-बंद झाले ते त्या गाठीतल्या पेशींत, जन्मानंतर, आयुष्यात कधीतरी. ते पोटच्या पोरीत जात नाहीत. फार थोड्या घरांत असा धोका रक्तातून येतो, त्या घरांत बहुतेक वेळा लहान वयात, वेगवेगळे कॅन्सर, एका पिढीत दोन-तीन माणसं असं दिसतं. तुमच्या घरात तसं काही आहे का? नसेल तर पोरीची कसलीच तपासणी लागत नाही. रिपोर्टात जीनचं नाव आहे म्हणून आजार खानदानी होत नाही, हे डॉक्टरांकडून तोंडी वदवून घ्या आणि त्या मामालाच सोबत घेऊन जा.

---

कृषीकेंद्रवाला

नाही, असं कोणीच नाही. आबाजी वयाच्या ८१ व्या वर्षी गेले, तेही विहिरीवरून पाय घसरून. मामाला नेतो.

---

लिनॅक

मी रेडिएशनच्याच विभागात काम करतो, सरकारी. ताईंनी छान सांगितलं. मशीनच्या प्रश्नावर नीट बोलू, कारण हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा येतो आणि विचारणारे अजिबात येडे नसतात, विचार बरोबरच असतो, रस्ता चुकतो.

रेडिएशन पेशीच्या डीएनएला तोडतं ते बरंचसं मधल्या फ्री रॅडिकल्समार्फत. तिथं ऑक्सिजन असेल तर ती तूट पक्की होते, नसेल तर पेशी ती जोडून घेते. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला साधारण अडीच ते तीन पट डोस लागतो, ही गोष्ट १९५० च्या दशकापासून माहीत आहे. म्हणून लोकांनी खूप प्रयत्न केले. रुग्णाला ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, ज्याला कार्बोजेन म्हणतात, ते हुंगवून रेडिएशन दिलं. ग्लायोब्लास्टोमात त्याने आयुष्य वाढलं असं निघालं नाही. घरच्या कॉन्सन्ट्रेटरने रात्री ऑक्सिजन घेऊन सकाळी अकराच्या सिटिंगला काय उरणार? नळी काढली की काही मिनिटांत सगळं पूर्ववत. आणि हिमोग्लोबिन आधीच ९८ टक्के भरलंय, त्यात अजून भरायला जागाच किती.

काकाजी बिडी ओढतात का? ओढत असतील तर ते मशीन चुकूनही लावू नका. ऑक्सिजनच्या नळीपाशी बिडी म्हणजे चेहरा भाजणे, मी पाहिलंय.

जीन एक्स्प्रेशनच्या महागड्या टेस्टचं: आज त्या रिपोर्टावरून तुमच्या काकाजींचं औषध बदलणार नाही. आयडीएच या जीनची तपासणी झाली (वाइल्डटाइप म्हणजे त्यात बदल नाही), एमजीएमटी या दुसऱ्या जीनची येतेय, कामाच्या तपासण्या याच. बैलजोडी विकू नका.

---

पिपेटवाली

यात भर टाकते. दादा, तुम्ही माती परीक्षणाला एका कोपऱ्यातली माती घेता का? नाही, आठ-दहा ठिकाणची घेऊन मिसळता. ट्युमरचं त्याहून वाईट. २०१८ मध्ये आयव्ही ग्लायोब्लास्टोमा अ‍ॅटलास नावाचं काम छापून आलं, त्यात एकाच गाठीचे भाग लेझरने कापून वेगळे केले, कडेचा, मधला, त्या कुपाटीचा, रक्तवाहिन्यांच्या गुंतवळाचा, आणि प्रत्येकात कोणते जीन चालू आहेत ते मोजलं. प्रत्येक भागाचं उत्तर वेगळं. कुपाटीच्या भागात ऑक्सिजन कमी असतानाचे जीन जोरात, कडेला मेंदूच्या नेहमीच्या पेशींसारखे. मग एका तुकड्याच्या रिपोर्टावर कोणी "नेमकं औषध" सांगत असेल तर तो एका कोपऱ्यातल्या मातीवर अख्ख्या शेताचं खत सांगतोय.

हे संशोधन फुकट नाही, अशा गोष्टींवरूनच उद्याची औषधं येतील. पण संशोधनासाठी द्यायचे पैसे पेशंटच्या बैलजोडीतून येत नाहीत.

---

तिखट_ठेचा

मी माझं वरचं मागे घेतो. मग त्या व्हीईजीएफलाच का नाही अडवत? हाकच बंद केली तर?

---

लिनॅक

अडवतात. बेव्हासिझुमॅब त्यासाठीच आहे. सगळ्यांनाच वाटलं होतं की आता जमलं. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, सुरुवातीपासून दिलं तर गाठ परत वाढायला उशीर लागतो, पण एकूण आयुष्य वाढत नाही. सूज कमी करायला उपयोगी आहे, म्हणून परत वाढलेल्या गाठीत कधी कधी देतो. रक्तवाहिन्या दाबल्या तरी पेशी दुसरी बटणं दाबतात.

---

वर्धेची_मावशी

बाळा, शास्त्रातलं मला नाही कळत. माझ्या मिस्टरांना हाच होता. तीन गोष्टी सांगते. सूज उतरायला डेक्सा नावाचं स्टिरॉइड देतात ना, त्याने साखर चढते आणि भूक पण, रात्री दोनला उठून भाकर मागायचे. चिडचिड पण फार, ती औषधाची असते, माणसाची नाही. काकूला आधी सांगून ठेव. दुसरं, टेमोझोलोमाइडची, म्हणजे किमोची, कॅप्सूल उपाशीपोटी द्यायची, उलटीची गोळी आधी, आणि गिळायला त्रास झाला तरी फोडून द्यायची नाही. तिसरं, झटक्याची गोळी एक दिवस पण चुकवू नको, चुकवली की मग कांदा-चप्पल. हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, महात्मा फुले योजनेचं त्याला विचार, रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेव. रेल्वेत पण कॅन्सरच्या पेशंटला सवलत असते, फॉर्मवर हॉस्पिटलची सही लागते.

आणि काकूला खरं सांग रे. बायकांना कळतच असतं.

---

कृषीकेंद्रवाला

मावशी, काल रात्री सांगितलं. ती म्हणे मला वहीतल्या रेघोट्या पाहिल्या तेव्हाच कळलं होतं.

लिनॅक सर, एक विचारतो, रात्रीचे दीड वाजले म्हणून विचारू शकतो. किती दिवस?

---

लिनॅक

विचारलंत म्हणून आकडा देतो, पण तो काकाजींचा आकडा नाही हे धरून वाचा. २००५ मध्ये जी पद्धत सिद्ध झाली, सहा आठवड्यांत ३० सिटिंग, एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसाचं माप), सोबत रोज टेमोझोलोमाइड आणि नंतर सहा सायकल, त्यात निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांच्या पुढे गेले, निम्मे त्याच्या आत. नुसत्या रेडिएशनवर तोच आकडा १२.१ होता. दोन वर्षांनी शंभरातले २६-२७ होते, आधी फक्त १० होते. वय, गाठ किती निघाली, माणूस किती हिंडता-फिरता आहे आणि एमजीएमटी, यावर खूप फरक पडतो.

एमजीएमटी हा पण जीन चालू-बंदचाच खेळ आहे. तो डीएनए दुरुस्त करणारा जीन. मिथाइलेटेड म्हणजे कुलूप लागून बंद, मग टेमोझोलोमाइडने झालेली मोडतोड पेशीला जोडता येत नाही, आपल्यासाठी चांगलं. अनमिथाइलेटेड म्हणजे चालू.

जे काही घरचं बोलायचं आहे, शेतीचे कागद, बँक, सही, ते आत्ता, शब्द ठीक असताना करून घ्या. आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, हॉस्पिटलातून मागून जपून ठेवा, दुसरं मत घ्यायचं झालं तर लागतो.

---

कृषीकेंद्रवाला

उशिरा लिहितो, माफी. आज अकरावी सिटिंग झाली. एमजीएमटी अनमिथाइलेटेड आलं. डॉक्टर म्हणाले गोळी तरी पण चालू ठेवू.

पोराच्या मामाला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलं की हा अंगात जन्मानंतर झालेला बिघाड आहे, पोरीला काही नाही. मामा गाडीत येताना गप्प होते, बुटीबोरीपर्यंत एक शब्द नाही, मग म्हणाले लग्नाची तारीख अलीकडे घ्यायची का, म्हणजे एप्रिलमध्ये, काकाजी चांगले आहेत तोवर. मला त्यांच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. १९ एप्रिल ठरली.

सातबारा, पीक कर्ज, बँकेचं, सगळं मागच्या आठवड्यात केलं. सही वाकडी आली पण चालली. मशीन शेजारच्या म्हाताऱ्याला दिलं, त्याला दम्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलंच होतं, चिठ्ठी पाहून दिलं. बिडी तो नाही ओढत, विचारलं.

टेस्टवाल्याचा फोन परत आला होता. म्हटलं सात एकरातल्या किती कोपऱ्यांतली माती घेणार ते आधी सांगा. त्याला समजलं नाही.

आज वेटिंगमध्ये काकाजी म्हणाले "फवारा आण". मी चहा आणला, ते प्याले, आणि माझ्याकडे पाहून हसले, म्हणजे चुकलं ते त्यांना कळलं होतं.

लिनॅक सर, सीबीसीत (रक्ताच्या तपासणीत) प्लेटलेट १ लाख ४० हजार आल्या, मागच्या सोमवारी २ लाख १० होत्या. डॉक्टर म्हणाले पुढच्या सोमवारी परत काढा. चिंतेचं आहे का? फोटो टाकू?

---

लिनॅक

टाका. नाव आणि नंबर झाकून.